पैसे थोडे, भाग अनेक : घरी जोडलेल्या संगणकाची गोष्ट

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा अकरावीतला भाचा वहीचे एक पान घेऊन माझ्याकडे आला. पानावर यादी होती : प्रोसेसर, मदरबोर्ड, मेमरी, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय, कॅबिनेट. प्रत्येकापुढे दोन-तीन नावे आणि त्यांच्या किमती. खाली बेरीज केलेली, खोडलेली आणि पुन्हा केलेली.

"मामा, आई-बाबा साठ हजार देतायत. त्यात गेम चालतील असा कॉम्प्युटर जोडायचाय. यातलं काय ठेवू आणि काय काढू?"

मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. संगणकाच्या भागांच्या किमती महिन्या-महिन्याला बदलतात आणि आजचे नावाजलेले मॉडेल दोन वर्षांनी कोणाच्या लक्षातही राहत नाही. नावांची यादी देण्यात म्हणून फारसा अर्थ नव्हता. पण त्याचा प्रश्न मात्र चांगला होता. शिवाय तो नवा नव्हता. १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या एका पंचवीस वर्षांच्या अभियंत्यापुढे जवळजवळ हाच प्रश्न होता.

भाग निवडून संगणक जोडायचा तर दोन गोष्टी लागतात. भाग सुटे मिळायला हवेत आणि ते एकमेकांना जुळायला हवेत, ही पहिली. हातातले पैसे कोणत्या भागावर घालायचे हे कळायला हवे, ही दुसरी. आज पहिली गोष्ट आपण गृहीतच धरतो आणि दुसरीवर रात्र रात्र वाद घालतो. या दोन्ही गोष्टी कशा घडत गेल्या ते पाहिले, तर भाच्याच्या यादीचे उत्तरही सापडते.

पंचवीस डॉलरची चिप

'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या अमेरिकन मासिकाच्या जानेवारी १९७५ च्या अंकात मुखपृष्ठावर एक निळसर पेटी होती. तिचे नाव अल्टेअर ८८००. न्यू मेक्सिको राज्यातल्या आल्बुकर्की गावच्या 'मिट्स' या छोट्या कंपनीने ती तयार केली होती. सुटे भाग घरी आणून डाग देऊन जोडायचे, अशी ही पेटी ४०० डॉलरच्या आत मिळणार होती. तिच्यात इंटेलचा ८०८० हा मायक्रोप्रोसेसर होता. तिला कळफलक नव्हता, पडदा नव्हता. पुढच्या बाजूला खटके आणि लुकलुकणारे दिवे एवढेच. मेमरी २५६ बाइट, म्हणजे या परिच्छेदाची अर्धी अक्षरेसुद्धा मावणार नाहीत एवढी.

तरीही हजारो लोकांनी ती मागवली. ५ मार्च १९७५ रोजी मेन्लो पार्क येथे एका घराच्या गॅरेजमध्ये काही हौशी मंडळी जमली आणि 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब' सुरू झाला. त्यांच्यात स्टीव्ह वॉझनियाक होता. तो ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत कॅल्क्युलेटर तयार करणाऱ्या विभागात नोकरी करत असे. स्वतःचा संगणक बनवण्याची त्याला शाळेपासून हौस होती. अडचण पैशांची होती. मोटोरोलाचा ६८०० हा प्रोसेसर त्याला पसंत होता, पण एक नग घ्यायचा तर त्याची किंमत १७५ डॉलर होती.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या 'वेस्कॉन' प्रदर्शनाच्या वेळी मॉस टेक्नॉलॉजी नावाच्या कंपनीने ६५०२ हा प्रोसेसर विकायला काढला. किंमत २५ डॉलर! लोकांना आधी ही थापच वाटली. ६५०२ तयार करणारा चक पेडल आणि त्याचे सहकारी मोटोरोलातूनच बाहेर पडलेले होते. पुढच्याच महिन्यात मोटोरोलाने ६८०० ची किंमत १७५ वरून ६९ डॉलरवर आणली.

एवढा स्वस्त प्रोसेसर त्यांना कसा जमला? याचे उत्तर पाचवी-सहावीच्या गणितात आहे. सिलिकॉनच्या एका गोल चकतीवर एकाच वेळी अनेक चिप्स तयार होतात. चकतीचा खर्च ठरलेला असतो. तिच्यावर कुठेकुठे दोष राहतात आणि दोष ज्या चिपवर येतो ती चिप वाया जाते. समजा, एका चकतीवर १०० चिप्स बसतात आणि ६० दोष आहेत. प्रत्येक दोष वेगळ्या चिपवर पडला, तर चांगल्या चिप्स ४० उरतील. आता चिपचे क्षेत्रफळ निम्मे करा. चिप्स बसतील २००, दोष तेवढेच ६०, चांगल्या चिप्स १४०. क्षेत्रफळ निम्मे झाले, पण चांगल्या चिप्स साडेतीन पट झाल्या! पेडलच्या गटाने प्रोसेसरमधली फारशी गरज नसलेली कामे वगळून सुमारे ३,५०० ट्रान्झिस्टरमध्ये काम भागवले आणि चिप लहान ठेवली. शिवाय छपाईचे साचे दुरुस्त करून त्यांनी दोषही कमी केले.

आपल्याकडच्या काही शिक्षकांची या चिपशी ओळख झालेली आहे, नाव मात्र त्यांना ठाऊक नसेल. १९८४-८५ साली केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' हा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला. त्यात आलेल्या बीबीसी मायक्रो संगणकांचा मेंदू ६५०२ हाच होता. नव्वदीच्या दशकात घरोघरी टीव्हीला जोडल्या जाणाऱ्या कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमपैकी अनेकांमध्ये याच चिपचा वंशज होता.

भिंत फोडण्याचा खेळ

प्रोसेसर स्वस्तात मिळाला. पण संगणक म्हणजे काही नुसता प्रोसेसर नव्हे. पुढची काटकसर वॉझनियाकने कशी केली हे समजण्यासाठी एका खेळाची गोष्ट सांगायला हवी.

अटारी कंपनीचा 'ब्रेकआउट' हा खेळ १९७६ साली बाजारात आला. चेंडू फळीने टोलवून वरच्या विटांची भिंत फोडायची, असा हा खेळ. त्याचा एक आराखडा करण्याचे काम अटारीने स्टीव्ह जॉब्जला दिले होते आणि जॉब्जने ते वॉझनियाककडून करून घेतले. जितक्या चिप्स कमी लागतील तितके जास्त पैसे, असा सौदा होता. वॉझनियाकने चार दिवस-रात्र जागून सुमारे ४५ चिप्समध्ये खेळ बसवला. आराखडा इतका गुंतागुंतीचा झाला की अटारीला तो जसाच्या तसा वापरता आला नाही.

या खेळात प्रोसेसर नव्हता. सगळा खेळ तारांच्या जोडणीतच पक्का केलेला होता. वॉझनियाकच्या मनात आले, हाच खेळ बेसिक भाषेत काही ओळी लिहून खेळता आला तर? त्यासाठी संगणकाला काय काय लागेल? रंग लागेल, फळी हलवायला फिरती मूठ लागेल, चेंडू आपटल्याचा आवाज यायला छोटा स्पीकर लागेल. एप्रिल १९७७ मध्ये लोकांसमोर आलेल्या 'ॲपल टू' या संगणकात या सगळ्या गोष्टी होत्या. त्या ब्रेकआउटसाठी घातल्या, असे वॉझनियाकने पुढे स्वतःच सांगितले आहे. गेम खेळण्याच्या हेतूने भाग ठरवलेला हा संगणक पुढे शाळांत आणि कचेऱ्यांत पोचला.

त्यातली काटकसर दोन उदाहरणांवरून दिसेल. पहिले उदाहरण मेमरीचे. त्या काळी मेमरी दोन प्रकारची मिळे. 'स्टॅटिक' मेमरीत एक बिट साठवायला अनेक ट्रान्झिस्टर लागत. 'डायनॅमिक' मेमरीत एक ट्रान्झिस्टर आणि एक छोटा विद्युतधारित्र, म्हणजे कपॅसिटर, एवढ्यावर भागे. दुसरी साहजिकच स्वस्त. पण तिच्यात एक खोट होती. बारीक भोक पडलेल्या कळशीसारखा तिच्यातला विद्युतभार गळत राहतो. दर काही हजारांश सेकंदांनी तो वाचून पुन्हा भरावा लागतो आणि त्यासाठी वेगळ्या चिप्स लागतात. वॉझनियाकच्या लक्षात आले की पडद्यावर चित्र दाखवण्यासाठी मेमरी सतत वाचावीच लागते. मग वाचण्याचा क्रम असा लावला, की चित्र दाखवता दाखवता मेमरीही ताजी होईल. ६५०२ प्रत्येक ठोक्याच्या निम्म्याच वेळात मेमरी वापरतो. उरलेल्या निम्म्या वेळात चित्राने ती वाचावी. कोणी कोणाला अडवायचे नाही!

दुसरे उदाहरण क्वार्ट्झच्या स्फटिकाचे. अमेरिकन टीव्हीला रंग दाखवण्यासाठी ३.५८ मेगाहर्ट्झची लहर लागे. १४.३१८ मेगाहर्ट्झच्या एकाच स्फटिकाच्या ठोक्यांना ४ ने भागले की रंगाची लहर मिळते आणि १४ ने भागले की १.०२३ मेगाहर्ट्झ, म्हणजे प्रोसेसरचा वेग. विद्यार्थ्यांना हे भागाकार करून पाहू द्या.

मात्र एका जागी या मंडळींनी काटकसर केली नाही. संगणकाला स्थिर आणि खात्रीची वीज मिळावी, तो तापू नये, म्हणून रॉड हॉल्ट या अभियंत्याकडून नव्या पद्धतीचा हलका वीजपुरवठा मुद्दाम तयार करून घेतला. आणि वॉझनियाकने पुढे लागतील ती कार्डे बसवायला आठ खाचा ठेवल्या. जॉब्जच्या मते दोन पुरेशा होत्या. वॉझनियाक हटून बसला. झाकण हाताने उचलून कोणीही नवे कार्ड बसवू शकत असे.

हा संगणक काही गरिबाला परवडणारा नव्हता. ४ किलोबाइट मेमरीसह त्याची किंमत १,२९८ डॉलर होती. पण तो घरच्या टीव्हीला आणि टेपरेकॉर्डरला जोडता येई. घरात आहे ते वापरा आणि नाही तेवढेच विकत घ्या, हाही काटकसरीचाच मार्ग.

सांधे सर्वांसाठी खुले झाले

ॲपल टूच्या खाचांत बाहेरची कार्डे बसत, पण आख्खा संगणक सुटे भाग आणून जोडता येत नव्हता. ते शक्य झाले एका मोठ्या कंपनीच्या घाईमुळे.

आयबीएमने आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर केला. फ्लोरिडातल्या बोका रॅटन येथील छोट्या गटाने तो सुमारे वर्षभरात तयार केला होता. एवढ्या थोड्या वेळात सगळे भाग स्वतः बनवणे अशक्य, म्हणून त्यांनी बाजारात मिळणारे भाग घेतले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८. तो आतून १६ बिटांचा, पण बाहेरच्या भागांशी ८ बिटांनी बोलणारा. त्यामुळे जोडीला स्वस्त ८ बिटांच्या चिप्स चालत. त्याचा वेग होता ४.७७ मेगाहर्ट्झ. हा विचित्र आकडा कुठून आला? १४.३१८ ला ३ ने भागून पाहा. टीव्हीच्या रंगासाठी लागणारा तोच स्वस्त स्फटिक इथेही होता!

इतर कंपन्यांनी आपल्यासाठी कार्डे बनवावीत म्हणून आयबीएमने मंडलांचे सगळे नकाशे आणि संगणक सुरू करणारा 'बायॉस' हा प्रोग्रॅमही पुस्तकात छापला. पण छापला म्हणजे वाटेल त्याने उतरवून घ्यावा असे नव्हे. बायॉसवर कायद्याने आयबीएमचा हक्क होता. १९८२ साली स्थापन झालेल्या कॉम्पॅक कंपनीने यातून वाट काढली. एका गटाने तो प्रोग्रॅम वाचून तो काय काय करतो याचे वर्णन लिहिले. मूळ प्रोग्रॅम कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून स्वतंत्रपणे नवा प्रोग्रॅम लिहिला. पुढे १९८४ साली फीनिक्स या कंपनीने असाच बायॉस तयार करून हवा त्याला विकायला सुरुवात केली आणि जुळ्या संगणकांचे पेव फुटले.

असा जुळा संगणक खरोखरच जुळतो की नाही हे कसे तपासत, ठाऊक आहे? त्यावर दोन प्रोग्रॅम चालवून पाहत. एक हिशेबाचा 'लोटस १-२-३' आणि दुसरा मायक्रोसॉफ्टचा 'फ्लाइट सिम्युलेटर', म्हणजे विमान उडवण्याचा खेळ. हा खेळ यंत्राच्या कानाकोपऱ्याचा वापर करी. एखादा सांधा जरी वेगळा असला तरी तो अडे.

१९९५ साली इंटेलने 'एटीएक्स' हे मानक जाहीर केले. मदरबोर्डची लांबी-रुंदी, स्क्रूची भोके कुठे, वीजेचा खटका कसला, हे सगळे त्यात ठरवून दिले. आज कोणत्याही कंपनीचा मदरबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या पेटीत बसतो तो अशा मानकांमुळे. दिव्याच्या होल्डरमध्ये कोणत्याही कंपनीचा बल्ब बसतो, तसेच हे.

क्वेकने घेतलेली परीक्षा

भाग सुटे मिळू लागले. मग प्रश्न आला, पैसे कुठे घालायचे? याचा धडा १९९६ साली एका खेळाने दिला.

इड सॉफ्टवेअर या कंपनीचा 'क्वेक' जून १९९६ मध्ये आला. त्यातल्या भिंती, जिने, राक्षस सगळे त्रिमित. दूरची भिंत लहान, जवळची मोठी दिसायची तर अंतराने भागावे लागते, आणि भागाकार हे प्रोसेसरला वेळखाऊ काम. खेळ लिहिणाऱ्यांनी एक युक्ती केली. दर १६ ठिपक्यांमागे एकच अचूक भागाकार करायचा आणि मधले ठिपके अंदाजाने भरायचे. इंटेलच्या पेंटियममध्ये दशांश अपूर्णांकांचे गणित करणारा वेगळा विभाग होता. तो भागाकारात गुंतलेला असताना बाकीचा प्रोसेसर ठिपके रंगवत राही.

त्या काळात सायरिक्स कंपनीचा '६एक्स८६' हा प्रोसेसर पेंटियमपेक्षा स्वस्त मिळे. त्याच्यावर 'पी१६६+' असे लिहिलेले असे. प्रत्यक्षात तो १३३ मेगाहर्ट्झवर चालून १६६ च्या पेंटियमची बरोबरी करतो असा दावा होता. पत्रे लिहिणे, तक्ते करणे अशा कामांत तो दावा बऱ्यापैकी खरा होता. पण त्याचा दशांश गणिताचा विभाग मंद होता. क्वेक सुरू केला की तो स्पष्टपणे मागे पडे. त्याला वाईट प्रोसेसर म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच्याकडे आलेले काम वेगळे होते, एवढेच. 'चांगला प्रोसेसर कोणता?' हा प्रश्नच अपुरा आहे. 'कशासाठी?' हे त्याला जोडावे लागते.

त्याच वर्षी थ्रीडीएफएक्स कंपनीची 'व्हूडू' ही चिप असलेली कार्डे सुमारे ३०० डॉलरला मिळू लागली. मेमरीच्या किमती तेव्हा कोसळल्या होत्या, म्हणून हे परवडले. हे कार्ड त्रिमित चित्रे रंगवण्याचे एकच काम करी. साध्या कामासाठी जुने कार्ड लागेच. एवढ्या एका कामासाठी वेगळे कार्ड कशाला? हिशेब करू या. ६४० गुणिले ४८० म्हणजे पडद्यावर ३,०७,२०० ठिपके. सेकंदाला ३० चित्रे हवीत तर ९२,१६,००० ठिपके दर सेकंदाला. प्रत्येक ठिपक्याचे गणित सारखेच आणि शेजारच्यापासून स्वतंत्र. लग्नाच्या पंगतीत वाढप्यांची रांग लावावी तशी यासाठी खास मंडले बनवता येतात आणि प्रोसेसर मोकळा राहतो. आजची ग्राफिक्स कार्डे याच मार्गाने वाढली.

तीनशेचे साडेचारशे

काटकसरी खेळाडूंच्या तोंडी अजून असलेले एक नाव म्हणजे 'सेलेरॉन ३००ए'. इंटेलने एप्रिल १९९८ मध्ये पहिला सेलेरॉन काढला. तो स्वस्त करण्यासाठी त्यातली 'कॅश' मेमरी काढून टाकली होती. शिक्षकाच्या टेबलावर चार पुस्तके असतात आणि बाकीची ग्रंथालयात. टेबलावरची काढून घेतली तर प्रत्येक वाक्यासाठी ग्रंथालयात जावे लागेल. सेलेरॉनचे तसेच झाले; तो मंद म्हणून बदनाम झाला.

ऑगस्टमध्ये आलेल्या ३००ए मध्ये ही चूक सुधारली. १२८ किलोबाइट कॅश त्याच चिपवर घातली आणि ती प्रोसेसरच्याच वेगाने चाले. महागड्या पेंटियम टूची कॅश ५१२ किलोबाइट होती, पण वेगळ्या चिप्सवर आणि निम्म्या वेगाची. सेलेरॉनचा वेग ठरे तो असा : मदरबोर्डचे ठोके ६६.७ मेगाहर्ट्झ, गुणक ४.५, गुणाकार ३००. गुणक बदलता येत नसे; पण बोर्डाचे ठोके १०० केले तर? साडेचारशे! त्याच दिवशी आलेल्या ४५० मेगाहर्ट्झच्या पेंटियम टूची घाऊक किंमत ६६९ डॉलर होती आणि सेलेरॉन ३००ए ची १४९.

याला जुगाराची बाजू होती. सगळ्याच चिप्स एवढा वेग सोसत नसत, त्या जास्त तापत आणि कंपनीची हमी नसे. पण अनेकांना तो साधला, कारण चिप मुळातच तेवढा वेग झेपेल अशी बनलेली होती; विक्रीसाठी तिच्यावर छोटा आकडा घातला होता. आकडा वाचणे आणि वस्तू ओळखणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे या प्रकरणातून लोक शिकले.

तपकीर गल्लीतली खरेदी

इथे मला स्वतःची फजिती सांगितली पाहिजे. २००० साली मी पुण्यात शिकत होतो. वडील माध्यमिक शाळेत शिक्षक. त्यांनी पस्तीस हजार रुपये साठवून दिले आणि मी एका मित्राला घेऊन बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलो. परवडेल त्यात सर्वांत मोठ्या आकड्याचा प्रोसेसर घेतला. ग्राफिक्स कार्डाचे पैसे वाचवायला चित्राचा विभाग वरच असलेला मदरबोर्ड निवडला. घरी येऊन डिसेंबर १९९९ मध्ये निघालेला 'क्वेक थ्री' सुरू केला. पडद्यावरची माणसे स्लाइड शोसारखी एक-एक पाऊल टाकू लागली.

माझी चूक आकड्यांत मांडता येते. समजा, एक चित्र तयार करायला प्रोसेसरला १० आणि चित्राच्या विभागाला ३० सहस्रांश सेकंद लागतात आणि सोयीसाठी धरू की ही कामे एकापाठोपाठ होतात. एकूण ४०, म्हणजे सेकंदाला २५ चित्रे. आता दुप्पट वेगाचा प्रोसेसर आणा : ५ अधिक ३०, म्हणजे ३५, सेकंदाला जेमतेम साडेअठ्ठावीस चित्रे. त्याऐवजी चित्राचा विभाग दुप्पट वेगाचा करा : १० अधिक १५, म्हणजे २५, सेकंदाला ४० चित्रे. काम जिथे अडते आहे तिथे पैसे घातले तरच वेग वाढतो. जीन ॲमडाल या शास्त्रज्ञाने १९६७ साली मांडलेला नियम तो हाच. खरे तर दोन्ही विभाग बरेचसे एकाच वेळी काम करतात. मग तर जो मंद, त्याचाच वेग अखेर मिळतो.

याहून मोठी चूक सहा महिन्यांनी कळली. शिष्यवृत्तीचे पैसे आले, एका मित्राकडून जुने ग्राफिक्स कार्ड घेतले, पेटी उघडली आणि पाहतो तर त्या बोर्डावर कार्डासाठी लागणारी 'एजीपी' खाचच नव्हती! प्रोसेसर पुढे कधीही बदलता आला असता; नसलेली खाच आणणार कुठून? वडील काही बोलले नाहीत. पण त्या उन्हाळ्यात त्यांनी शिकवण्यांचे आणखी दोन वर्ग घेतले, ते मला अजून आठवते.

पुन्हा भाच्याची यादी

आम्ही दोघे मग यादी घेऊन बसलो. मी त्याला विचारले, "तुला नक्की कोणते खेळ खेळायचेत? आणि पडदा केवढा?" हे त्याने यादीत लिहिलेच नव्हते.

१९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात. सेकंदाला ६० चित्रे म्हणजे सुमारे १२ कोटी ४४ लाख ठिपके. यादीत त्याने धरलेला 'फोर-के' पडदा ३८४० गुणिले २१६० चा. ठिपके बरोबर चौपट आणि म्हणून ग्राफिक्स कार्डावरचे ओझेही जवळजवळ तेवढेच वाढलेले. पडदा साधा घेतला आणि सर्वांत मोठी बचत तिथेच झाली.

दिवे लुकलुकणारे कॅबिनेट त्याने स्वतःच खोडले. पॉवर सप्लाय मात्र यादीत सर्वांत स्वस्त होता. तो आम्ही बदलला. पॉवर सप्लाय बिघडला तर तो एकटा जात नाही, सोबत महागडे भागही नेतो. रॉड हॉल्टकडे का जावे लागले, ते इथे त्याला पटले. मेमरीची एक मोठी पट्टी घेण्याऐवजी दोन लहान सारख्या पट्ट्या घेतल्या, म्हणजे दोन वाटांनी एकाच वेळी मजकूर येतो-जातो.

प्रोसेसर आम्ही चित्राचा बरा विभाग आत असलेला निवडला. असा विभाग मुख्य मेमरीतच वाटेकरी होतो. वॉझनियाकची जुनी युक्तीच ती, फक्त कितीतरी पटींनी वेगवान. त्याचे आवडते खेळ त्यावर चालतील. मी स्वतः केलेली चूक दिसते ती हीच. फरक एवढाच की या बोर्डावर ग्राफिक्स कार्डाची खाच मोकळी आहे. पुढच्या वर्षी पैसे साठले की तिथे कार्ड बसेल. २००३ पासून चालत आलेल्या 'पीसीआय एक्स्प्रेस' या मानकात नवे कार्ड जुन्या खाचेतही चालावे अशी सोय ठेवलेली आहे. यादी साठ हजारांच्या आत बसली आणि थोडे पैसेही उरले.

अलीकडे अनेक लॅपटॉपमध्ये मेमरी बोर्डालाच डाग देऊन पक्की केलेली असते. त्याला कारणे आहेत : यंत्र पातळ होते, तारा आखूड झाल्याने वेग वाढतो, वीज कमी लागते. पण असे यंत्र घेताना निवड एकदाच करता येते, तीही दुकानात. नंतर ते यंत्र वाढत नाही आणि उघडून पाहणाऱ्याला फारसे काही शिकवतही नाही. ज्या मुलाला साठ हजार पुन्हा मिळणार नाहीत, त्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

आपल्या शाळेत बंद पडलेला एखादा जुना संगणक धूळ खात असेल. भंगारात देण्यापूर्वी तो एक तास वर्गात आणा. वायर काढून ठेवा, पॉवर सप्लायची पेटी मात्र उघडू नका. तिच्यात धोकादायक विद्युतभार राहिलेला असू शकतो. बाकीचे भाग मुलांना हाताने काढू द्या आणि प्रत्येक सांध्यापाशी तीन प्रश्न विचारा : इथे दुसऱ्या कंपनीचा भाग बसेल का? का बसेल? आणि हा भाग थांबला तर कोणाकोणाला थांबावे लागेल? माझा भाचा त्याच्या शाळेत हा तास घ्यायला तयार आहे. स्क्रू-ड्रायव्हर त्याने उरलेल्या पैशांतून घेतला आहे.